काठावर उभी असलेली गर्दी

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीने माझ्यावर एक नाजूक कामगिरी सोपवली. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, इंग्लंडमध्ये एका रुग्णालयात परिचारिका आहे. दर नाताळाला ती नवरा आणि दोन मुले यांच्यासह वसईला येते. यंदा ती येणार नाही. मे महिन्याच्या अखेरीस मुलांच्या शाळेला आठवडाभराची सुटी असते, त्या सुटीत हे चौघे ग्रीसच्या पश्चिमेला, आयोनियन समुद्रातल्या लहान बेटांमधून शिडाच्या नौकेने फिरणार आहेत. नौकेचे भाडे आणि नाताळातले चौघांचे विमानभाडे, दोन्ही एकाच वर्षात परवडणारे नाही; आणि रजाही मोजकीच असते. आईला तिने फोनवर कारण सांगितले ते मात्र निराळे. ती म्हणाली, "आई, या वर्षी मला गर्दी नको आहे."

"दादा, तू तिला समजाव," बहीण मला म्हणाली. "तू मास्तर होतास. तुझे ती ऐकेल." मग बराच वेळ ती काही बोलली नाही. निघताना उंबऱ्यावर थांबून तिने विचारले, "गर्दी म्हणजे कोण रे? आपणच ना?"

या प्रश्नाने मला काही दिवस झोप दिली नाही, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होईल. परंतु मिस्साविधीच्या वेळी माझे मन भरकटले ते याच प्रश्नामुळे, हे खरे. माणसाला माणसांपासून दूर जाण्याचा अधिकार आहे काय? असल्यास किती दूर, किती दिवस आणि कोणाला मागे ठेवून? वरवर पाहता ही एका कुटुंबातली घरगुती कुरबुर आहे. पण ज्यांनी आपले जीवन शेजाऱ्यावरील प्रीतीच्या आज्ञेला बांधून घेतले आहे, त्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. सुटीच्या निमित्ताने पडला, तर त्यात बिघडले काय?

समजूत घालायची तर आधी बेत काय आहे ते कळले पाहिजे, म्हणून मी भाचीला पत्र लिहून सारे विचारले. तिने नकाशासह सविस्तर टिपण पाठवले. ते वाचताना माझ्यातला भूगोलाचा शिक्षक जागा झाला हे कबूल करतो. लेफ्काडा हे बेट मुख्य भूमीला पुलाने जोडलेले आहे, तेथे नौका ताब्यात घ्यायची. शनिवार ते शनिवार असा हिशेब. नौका सुमारे ११ मीटर लांबीची. तीन लहान खोल्या, सहा माणसांच्या झोपण्याची सोय. जावयाने गेली दोन वर्षे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर नौकानयनाचे शिक्षण घेऊन परवाना मिळवला आहे. त्यावाचून नौका कोणी हाती देत नाही. तेथल्या समुद्रात सकाळी वारा जवळजवळ नसतो आणि दुपारनंतर वायव्येकडून एक ठरावीक वारा सुटतो, त्याला तेथील लोक मैस्त्रो म्हणतात. आमच्या पाचूबंदरच्या आणि अर्नाळ्याच्या जुन्या तांडेलांना पहाटेचा मतलई वारा जसा घरच्या माणसासारखा ओळखीचा असे, तसाच हा. आता आमच्या नावांना यंत्रे बसली. शीड उभारणारा आणि वाऱ्याची वाट पाहणारा माणूस आमच्या किनाऱ्यावरून गेला, आणि युरोपातले पगारदार लोक पैसे भरून त्या वाट पाहण्याची हौस फेडून घेतात. असो.

टिपणातला एक भाग मला मोठा गमतीचा वाटला. त्या बेटांवरची लहान बंदरे उन्हाळ्यात दुपारी दोन-तीन वाजेपर्यंत भरून जातात. तेथे नौका धक्क्याला आडवी लावत नाहीत. नांगर पुढे पाण्यात सोडून नौका उलटी मागे मागे नेतात आणि तिची पाठ धक्क्याला बांधतात, म्हणजे थोड्या जागेत पुष्कळ नौका मावतात. एका नौकेचा नांगर दुसरीच्या साखळीत गुंतला की सकाळी आरडाओरडा. एकान्ताच्या शोधात निघालेली ही सारी मंडळी दुपारी एकाच धक्क्यावर जागेसाठी एकमेकांकडे डोळे वटारून पाहत असतात! भाचीने यावर उपाय शोधला आहे. जुलै-ऑगस्ट टाळायचे, मोठी बंदरे टाळायची, मेगानिसी, कालामोस, कास्तोस अशा बेटांच्या खाचांमध्ये नांगर टाकायचा आणि एक दोर काठावरच्या खडकाला बांधायचा. कास्तोसवरची कायमची वस्ती शंभराच्या आतबाहेर आहे. पाण्याची टाकी काही शे लिटरांची, म्हणून आंघोळ समुद्रात. मासळी मिळाली तर मासळी, नाही तर पाव आणि चीज. रात्री दिवा लावायचा तो फक्त नांगरावर असल्याची खूण म्हणून, डोलकाठीच्या टोकाला. "मामा," तिने शेवटी लिहिले होते, "सात दिवस कोणीही मला हाक मारू नये, एवढेच मला हवे आहे. यात पाप आहे का, ते तुम्हीच सांगा."

माझे पहिले उत्तर तयार होते, आणि ते कठोर होते. शुभवर्तमानच मला मदतीला धावून आल्यासारखे वाटले. संत मार्कच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय आपण सर्वांनी ऐकला आहे. उपासनेच्या 'ब' वर्षात, सामान्य काळाच्या सोळाव्या रविवारी तो वाचला जातो. प्रेषित गावोगावचे काम आटोपून परत आलेले आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्यांची अशी रीघ लागलेली, की त्यांना घास घ्यायला सवड नाही. तेव्हा प्रभू येशू त्यांना एखाद्या निवांत जागी येऊन थोडे विसावण्यास सांगतो, आणि ते होडीत बसून निघतात. पुढे काय होते? लोक त्यांना ओळखतात, काठाकाठाने धावत सुटतात आणि होडीच्या आधी पोहोचतात. नांगर टाकण्याआधीच निर्जन स्थळ भरून गेलेले. येशू त्या गर्दीकडे पाहतो, त्याला तिचा कळवळा येतो आणि तो शिकवू लागतो. दिवस मावळतो, पाच भाकरी आणि दोन मासे पाच हजारांना पुरतात. झाली सुटी! मी मनाशी म्हटले, भाचीला हेच लिहावे: बाई ग, प्रभूची सुटीसुद्धा गर्दीने खाल्ली, तेथे तुझी-माझी काय कथा?

पत्राचा कागद पुढे घेतला आणि थांबलो. चाळीस वर्षे मुलांना उतारे समजावून सांगितले. उताऱ्याचा अर्धा भाग वाचून उत्तर लिहिणाऱ्याला मी कधी गुण दिले नाहीत. म्हणून तो अध्याय पुन्हा सावकाश वाचला.

गालील समुद्र म्हणजे गोड्या पाण्याचे एक तळे आहे, सुमारे २१ किलोमीटर लांब आणि १३ किलोमीटर रुंद. १९८६ साली दुष्काळाने त्याचे पाणी ओसरले तेव्हा चिखलात येशूच्या काळातील एका होडीचा सांगाडा सापडला. तिची लांबी सव्वाआठ मीटरांच्या आसपास भरते, रुंदी सव्वादोन मीटरांच्या थोडी वर. अशा होडीत डझनभर माणसे बसली, वारा पडला किंवा समोरून आला, तर काठाने धावणारा माणूस तिला सहज मागे टाकील. म्हणजे होडीतल्यांना काठावर चाललेली धावपळ दिसत असली पाहिजे. एवढ्याशा तळ्यात सुकाणू फिरवून दुसरीकडे जाणे अवघड नव्हते. होडीत चांगले कसलेले कोळी होते. येशूने होडी वळवायला सांगितली नाही. शिष्यांचे चेहरे तेव्हा कसे झाले असतील, ते मार्क सांगत नाही. पण संध्याकाळी त्यांनी सुचवलेला उपाय सांगतो: या लोकांना आता पाठवून द्यावे, आपापले खाणे त्यांनी विकत घ्यावे. त्यांच्या तोंडी दोनशे दिनारांचा हिशेबही आहे. दमलेल्या माणसाला गर्दी ही आकड्यांतच दिसते.

आणि त्यानंतर? हे मी दर वेळी विसरत आलो होतो. जेवण आटोपल्यावर येशू आधी शिष्यांना होडीत बसवून पुढे धाडतो, मग लोकांना निरोप देतो, आणि मग एकटा डोंगरावर प्रार्थनेला जातो. रात्र पडते तेव्हा तो तेथे एकटा असतो. एकान्त त्याने सोडला नव्हता. दिवसाचा गेला, तो त्याने रात्रीतून काढून घेतला. आणि विसाव्याचे जे आमंत्रण त्याने शिष्यांना दिले होते, ते त्याने मागे घेतल्याचेही कोठे लिहिलेले नाही. ज्या मुखाने भुकेल्यांना जेवू घालण्यास सांगितले, त्याच मुखाने त्याआधी थकलेल्यांना विसावण्यास सांगितले होते. आपली प्रवचने यातला एकेक अर्धा भाग उचलतात. पूर्वी आम्हाला दुसरा अर्धा ऐकवीत, विश्रांती म्हणजे जणू सैतानाचे उशी-पांघरूण. हल्ली पहिला अर्धा ऐकवतात, स्वतःला जपा म्हणून. मला स्वतःला जुन्या प्रवचनांची सवय अधिक, म्हणून माझे पहिले उत्तर कठोर होते.

संत मत्तयने याच प्रसंगाला आणखी एक गोष्ट जोडली आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा शिरच्छेद झाल्याची बातमी कळल्यावर येशू होडीने एकान्तात निघाला, असे तो सांगतो. म्हणजे हा प्रवास दुखवट्याचाही होता. येथे मला माझीच एक गोष्ट आठवली, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

माझी आई १९९८ साली वारली. आपल्याकडची रीत वाचकांना माहीत आहे. सातव्या दिवसाच्या मिस्सापर्यंत घर रिकामे राहत नाही. सकाळपासून माणसे येत, संध्याकाळी रोजरी होई, पुन्हा माणसे. प्रत्येकाला तिचे शेवटचे दिवस सांगायचे. प्रत्येकाच्या तोंडून तेच ऐकायचे, की सुटली बिचारी. चौथ्या दिवशी मला ते असह्य झाले. दुपारी मागच्या दाराने निघालो आणि समुद्रावर सुरूच्या झाडांखाली जाऊन बसलो. अंधार पडल्यावर परतलो. घरी कळले, की आईची एक लांबची मावसबहीण, पायांनी अधू, दोन बस बदलून आली होती आणि दोन तास माझी वाट पाहून गेली. आईच्या लहानपणची काहीतरी वस्तू तिला माझ्याच हाती द्यायची होती; दुसऱ्या कोणाकडे ती देईना. आज जाऊ, उद्या जाऊ असे करता करता तीन महिने गेले, आणि ती म्हातारी गेली. ती वस्तू काय होती ते मला आजतागायत कळलेले नाही.

मी समुद्रावर गेलो यात चूक होती काय? इतक्या वर्षांनंतरही मला तसे वाटत नाही. त्या दुपारी मी आईसाठी पहिल्यांदा रडलो. घरात ते जमले नव्हते. चूक नंतरच्या तीन महिन्यांत आहे. एकान्तात गेलेला माणूस परत आला, पण पुरता आला नाही. ज्या एका व्यक्तीने दोन तास वाट पाहिली, तिलाही मी त्या सात दिवसांच्या गर्दीतच जमा करून टाकले. मला वाटते, एकान्ताचा निवाडा परतीच्या वाटेवर होतो. जाताना तो कोणालाच करता येत नाही.

ख्रिस्तसभेच्या इतिहासात हा वाद फार जुना आहे. चौथ्या शतकात संत बेसिल स्वतः पोंतुस प्रांतातल्या नदीकाठच्या निवांत रानात जाऊन राहिले. तेथल्या शांततेचे रसभरीत वर्णन त्यांनी आपल्या मित्राला, संत ग्रेगरीला, पत्रातून कळवले. पण मठवासीयांसाठी नियम लिहिताना त्यांनीच एकट्याने राहण्याविरुद्ध युक्तिवाद केला आणि एक अवघड प्रश्न टाकला: प्रभूने शिष्यांचे पाय धुऊन दाखवले, जो एकटाच राहतो, तो कोणाचे पाय धुणार?

आयर्लंडच्या नैर्ऋत्येला, किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटरवर, स्केलिग मायकल नावाचा एक कातळ समुद्रातून दोनशेहून अधिक मीटर वर आलेला आहे. तेथे प्राचीन काळी मठवासी राहत. सुमारे सहाशे दगडी पायऱ्या चढून गेल्यावर, चुन्यावाचून दगडावर दगड रचून बांधलेल्या त्यांच्या खोल्या मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या आजही उभ्या दिसतात. चामड्याच्या होड्यांतून अटलांटिकसारखा समुद्र ओलांडून जगापासून इतके दूर गेलेले हे लोक. पण त्या मठात खोल्या सहा आहेत आणि प्रार्थनागृहे दोन. एवढ्या लांब जाऊनही ते एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर राहिले आणि एकत्र प्रार्थना करीत राहिले. शेजारच्या शिखरावर एकट्याने राहण्याची एक जागा आहे खरी. ज्याला तेवढ्याने भागत नसे, त्याच्यासाठी. १९९६ साली त्या कातळाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पुढे २०१४ साली तेथे एका अवकाशपटाचे चित्रीकरण झाले आणि ती शांतता पाहण्यासाठी इतकी झुंबड उडाली, की दिवसाला सुमारे १८० जणांवर उतरू न देण्याचा नियम फार मोलाचा ठरला. शांतता ही अशी वस्तू आहे, की ती पाहायला गेले की ती थोडी कमी होते.

भाचीच्या बेटांचेही तेच. २०२३ साली ग्रीसमध्ये तीन कोटींहून अधिक परदेशी पाहुणे आले. त्या देशाची स्वतःची लोकसंख्या एक कोटीच्या थोडी वर आहे. या तीन कोटींतला प्रत्येक जण, विचारले तर, मला गर्दी नको असेच म्हणेल. नौकांचे नांगर तळाशी असलेली समुद्रगवताची कुरणे नांगरून काढतात. ते गवत अतिशय सावकाश वाढते आणि मासळीची पिल्ले त्यात वाढतात. भाचीला मी हे लिहिले, तेव्हा तिने उत्तर दिले, की वाळूचा तळ पाहूनच नांगर टाकायचा हे त्यांना शिकवले आहे. तेवढ्यापुरते माझे समाधान झाले.

पण मला अधिक अस्वस्थ केले ते त्या बेटांवरच्या शांततेच्या मूळ कारणाने. ऑगस्ट १९५३ मध्ये त्या समुद्रात मोठे भूकंप झाले. केफालोनिया, झाकिंथोस आणि इथाका या बेटांवरची गावेच्या गावे कोसळली. त्याआधीच गरिबीमुळे माणसे बाहेर पडत होती. भूकंपानंतर ती लोंढ्याने ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, अमेरिका अशा ठिकाणी गेली. कालामोस बेटाच्या दक्षिणेकडील पोर्तो लेओने नावाचे गाव तर कायमचे ओस पडले. आज तेथे ऑलिव्हच्या झाडांमध्ये छप्परे गेलेली घरे उभी आहेत. देऊळ तेवढे लोकांनी सांभाळून ठेवले आहे. भाचीच्या टिपणात तिसऱ्या रात्रीचा मुक्काम याच खाडीत आहे, आणि समोर तिने लिहिले आहे: संपूर्ण शांत. शांत असणारच. जी माणसे तेथे हाका मारीत होती, ती दूर देशी गेली, तिच्यासारखीच, पोटासाठी. त्यांच्याही आया नाताळाला वाट पाहत असतील.

आणि नकाशात त्या खाडीच्या पश्चिमेला इथाका आहे. घरी परतण्यासाठी दहा वर्षे समुद्रावर धडपडणाऱ्या ओडिसियसचे बेट म्हणून जग त्याला ओळखते. होमरने त्या कथेत एक सुंदर निर्जन बेटही घातले आहे. कालिप्सो नावाची अप्सरा त्याला तेथे सात वर्षे ठेवून घेते. गर्दी नाही, काम नाही, वर अमरत्वाचा वायदा. आणि हा गृहस्थ रोज काठावर बसून घराच्या आठवणीने रडतो. वसईची एक मुलगी घरी यायचे टाळून इथाकाच्या पाण्यात जाते, याची मौज मला वाटली, आणि मी ती बहिणीला सांगितलीही. बहिणीला मौज वाटली नाही.

तोपर्यंत माझ्या मनात दुसरेच काही सुरू झाले होते. बेसिलच्या त्या प्रश्नाने मी भाचीला कोंडीत पकडणार होतो: कोणाचे पाय धुणार? लिहिता लिहिता हात थबकला. ही मुलगी वर्षभर पायच धुते. अक्षरशः धुते. परक्या देशातल्या म्हाताऱ्यांची अंगे पुसते, मलमूत्र काढते, रात्री त्यांचे हात धरून बसते. २०२० साली ज्यांच्या मुलांना आत येऊ देत नव्हते, अशांचे शेवटचे शब्द तिने ऐकले आणि दारात उभ्या असलेल्यांना फोनवरून कळवले. आणि नाताळाला ती वसईला येते तेव्हा? गेल्या वेळचे दृश्य मला लख्ख आठवते. आमच्या अंगणात खुर्च्या मांडलेल्या, नातेवाईक रांगेने बसलेले, आणि प्रत्येकाच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत तपासण्यांचे अहवाल. कोणाचा रक्तदाब, कोणाचे गुडघे, कोणाच्या सुनेची थायरॉइडची गोळी. पंधरा दिवसांत नऊ लग्ने, प्रत्येक घरी जेवण, न गेले तर रुसवा. ती हसतमुखाने सारे वाचत होती. त्या रांगेत माझ्याही हातात साखरेचा अहवाल होता, हे मी बहिणीला सांगितले नाही, येथे सांगतो. तिच्या मुलांची नावे नीट न आठवणारे आम्ही, तिच्याकडे आमचे आकडे घेऊन गेलो होतो. शिष्यांना गर्दी आकड्यांत दिसत होती. येथे गर्दीनेच आपण होऊन आकड्यांचे रूप घेतले होते. तेव्हा बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर हो असे आहे. गर्दी म्हणजे आपणच.

हे उत्तर वसईकरांना रुचणार नाही, कारण आपण गर्दी हा शब्द नेहमी दुसऱ्यासाठी राखून ठेवतो. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या वर गेली. आमच्या वाड्या, केळीची बने, विहिरी यांवर या वाढीने काय ओढवले, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि त्याविरुद्ध जे लढले त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण रविवारी समुद्रावर मुंबईहून आलेली कुटुंबे पाहून आमच्या तोंडी जी भाषा येते, ती लढ्याची नसते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा दिवस काढलेला माणूस सातव्या दिवशी मोकळी हवा शोधत आमच्या किनाऱ्यावर येतो. आम्ही त्याला गर्दी म्हणतो. आणि सप्टेंबरात आम्ही वांद्र्याच्या जत्रेला जातो तेव्हा तेथली माणसे आम्हाला काय म्हणत असतील?

प्रेषितांच्या कृत्यांत एका बेटाची गोष्ट आहे, ती या संदर्भात मला फार मोलाची वाटते. संत पौलाची नौका वादळात फुटली आणि मेलितावर, म्हणजे माल्टावर, एकदम २७६ माणसे पाण्यातून वर आली: कैदी, शिपाई, खलाशी. पाऊस पडत होता, थंडी होती. बेटावरच्या लोकांनी काय केले? शेकोटी पेटवली. त्यांना भाषा कळत नव्हती. कोण गुन्हेगार, कोण साधू हेही ठाऊक नव्हते. मला वाटते, निर्जन खाडीत नांगर टाकून बसलेल्या माणसाची खरी परीक्षा संध्याकाळी दुसरी नौका त्याच खाडीत शिरते तेव्हा होते. तो तिचा दोर धरायला उठतो, की तोंड फिरवतो? भाचीला मी हा प्रश्न विचारला. तिने लिहिले, "मामा, दोर धरणे हा समुद्रावरचा नियमच आहे." जमिनीवर तो का नाही, असे मला विचारावेसे वाटले; पण सगळेच प्रश्न भाचीला विचारायचे नसतात.

ग्रीसच्या दुसऱ्या बाजूला, एजियन समुद्रात, पात्मोस नावाचे बेट आहे. ते तिच्या वाटेवर नाही. प्रकटीकरणाचे पुस्तक लिहिणारा योहान तेथे होता तो सुटीसाठी नव्हे. श्रद्धेपायी त्याला तेथे राहावे लागले होते. एकान्त लादला गेला म्हणजे तो कसा असतो, हे त्याला माहीत होते. त्या एकाकी बेटावर बसून त्याला स्वर्गाचे दर्शन झाले, तेव्हा त्याने काय पाहिले? कोणालाही मोजता येणार नाही एवढा समुदाय. सर्व राष्ट्रांचे, सर्व भाषांचे लोक. आणि नव्या पृथ्वीवर समुद्र उरला नव्हता, असेही तो सांगतो. समुद्राच्या काठी जन्मलेल्या मला हे वाक्य लहानपणी आवडत नसे. समुद्रापलीकडे राहिलेल्या माणसांची आठवण येऊ लागल्यापासून ते थोडे समजते आहे. मात्र तो अगणित समुदाय योहानाला दिसला तो बेटावरूनच. अंगणातल्या खुर्च्यांच्या रांगेत बसून तो दिसला असता की नाही, याची मला शंका आहे.

अखेर मी पत्र लिहिले. जा, असे लिहिले. सात दिवस तुला कोणी हाक मारणार नाही. मी तर मुळीच नाही. पण दोन गोष्टी कर. पोर्तो लेओनेच्या खाडीत उतरशील तेव्हा त्या देवळापाशी दोन मिनिटे मुलांना घेऊन उभी राहा आणि ते गाव का ओस पडले ते त्यांना सांग. आणि आईला तू स्वतः फोन कर. मला गर्दी नको आहे, असे तू म्हणालीस. मी दमले आहे, असे म्हणाली नाहीस. पहिले वाक्य ऐकून आई रडली. दुसरे ऐकले असते, तर तिने उलट तुलाच दटावले असते, की इतके दिवस सांगितले का नाहीस. पुढच्या नाताळाला अंगणात खुर्च्या मांडू न देण्याची जबाबदारी माझी, असेही लिहिले. ते कसे जमवणार, हे मला अजून ठाऊक नाही.

भाचीने फोन केला. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर बहीण माझ्याकडे आली. हातात बोंबलांची पिशवी होती. माझ्या टेबलावर तो नकाशा अजून पसरलेला होता. चष्मा लावून ती बराच वेळ त्या बेटांकडे पाहत राहिली. अर्नाळ्याच्या किल्ल्यावर जाताना दहा मिनिटांच्या होडीतही जी डोळे मिटून जपमाळ ओढते, ती ही माझी बहीण.

"दादा," ती म्हणाली, "त्या नावेत किती माणसे झोपतात?"

"सहा," मी म्हटले.

"आणि ही चौघे," ती म्हणाली, आणि बोंबील साफ करायला आत गेली.